मुंजाबाचं विसरणं

"तोंड उघडा," बानाबाई म्हणाली.

मुंजाबानं उंबऱ्यातच तोंड उघडलं. तिनं वास घेतला. दारूचा नव्हता. तशी ती जास्तच बिथरली.

"पिलेले नाय, तर माय कुठं हाय माझी?"

तेव्हा त्याला आठवलं. अकराच्या गाडीनं सोयगावहून सासू, राजाबाई, येणार होती. तिला आणायलाच तो दहाला निघाला होता. आता चार वाजत आले होते.

विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं तो आठवडा होता. चौकात लोक पेढे वाटत होते आणि लाउडस्पीकरचा जनरेटर बंद पडला होता. मुंजाबा चितेगावच्या कारखान्यात फिटर. बंद मशीन दिसलं की त्याचे पाय थांबायचे. त्यानं जनरेटर सुरू करून दिला, मग तिथंच कुणाची तरी लुना उघडून बसला.

राजाबाईनं दोनपर्यंत स्टँडवर वाट पाहिली. तेवढ्यात दगडफेकीची अफवा उठली, रिक्षा बंद झाल्या. ती पायीच निघाली आणि शहागंजात पळापळीत पडली. संध्याकाळी ती दवाखान्यात सापडली. खुबा मोडला होता.

"पिलेले असता तर बरं होतं," बानाबाई म्हणाली. "दारूला तरी बोल लावला असता."

तेरा महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी गुत्त्याच्या दारापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेला.

"दारूच्या आधी कसे होता?" बाईंनी विचारलं.

हे कुणी कधी विचारलं नव्हतं. विहिरीवरचं इंजिन बघत बसला म्हणून मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली, बापानं झोडपलं, ते त्यानं सांगितलं. शाळा सुटली ते सांगितलं. "पह्यल्यांदा पिलो तवा डोक्यातला गलका थांबला, बाई."

"हा निष्काळजीपणा नाही. लक्ष न टिकण्याचा आजार आहे. लहान मुलांत आम्ही तो ओळखतो. मोठ्यांतही राहतो, हे आता कुठं कळायला लागलंय."

मुंजाबा रडला. 'बिनकामाचं पोरगं' म्हणत बाप सहा वर्षांपूर्वीच गेला होता.

बानाबाई आईला घेऊन सोयगावला गेली ती परतली नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी तो तिकडं गेला. डॉक्टरबाई बोलल्या ते सगळं त्यानं सांगितलं. तिनं शेंगा निवडता निवडता ऐकून घेतलं.

"खरं असंल. मला पटतंय."

"मंग चल की घरी."

"मला पटलं म्हून माय चालायला लागणार हाय का?"

तो सासूच्या खाटेपाशी गेला. "आत्या, त्या दिशी मी पिलो नव्हतो."

"ठावं हाय," राजाबाई म्हणाली. "लई येळ झाला, तू येईना. मला वाटलं, दगडफेकीत तुलाच काय झालं का काय. म्हून बघाया निघाले."

बानाबाई उठली. "मायची कूस बदलायचीय. त्या अंगानं धरा." दोघांनी मिळून म्हातारीला वळवलं. मग ती म्हणाली, "निघा आता. गाडी चुकंल."

पाचच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि शेजारच्या जागेवर त्यानं पिशवी ठेवली. गाडी भरत आली.

"इथं कुणी येणार हाय का?" एका बाईनं विचारलं.

"नाय," म्हणत त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.