बाल्कनीच्या दाराची खालची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. दाराच्या वरच्या बाजूला असते आणि दिवसातून दहादा सरकवली जाते, ती नव्हे. मी खालची. दाराच्या तळाशी, फरशीपासून वीतभर उंचीवर माझं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. एक लोखंडी दांडा, त्याला फिरवायला छोटी मूठ आणि ती मूठ अडकवून ठेवायला एक खाच, एवढंच माझं शरीर. मूठ खाचेत बसलेली असली की मी वर राहते. मूठ सुटली की माझा दांडा स्वतःच्याच वजनाने खाली येतो आणि फरशीतल्या भोकात जाऊन बसतो. खाली यायला मला काही लागत नाही. वर जायला मात्र कुणीतरी उचलावं लागतं.

दिल्लीत आर. के. पुरममध्ये सरकारी घरं बांधली जात होती, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात बाल्कनीच्या दाराला मला बसवलं. सरकारी घर म्हटलं की माणसं यायची आणि बदली झाली की जायची. आधी तमिळ कुटुंब आलं, मग बंगाली, मग भोपाळकडचं. नवीन कुणी यायच्या आधी रंगारी यायचा आणि दाराबरोबर माझ्याही अंगावर ब्रश फिरवून जायचा. हिरवा, पांढरा, मग बदामी. थरावर थर चढत गेले.

माझं कौतुक एकदाच झालं. मे महिन्यात धुळीचं मोठं वादळ आलं, ज्याला इथे आंधी म्हणतात. वरची कडी स्क्रूसकट उपटून निघाली आणि दार धाडधाड आपटायला लागलं. घरातल्या बंगाली काकांनी पायानेच माझी मूठ सोडवली आणि मी खाली आले. वादळ संपेपर्यंत मी ते दार धरून ठेवलं. "अरे, नीचेवाली ने बचा लिया!" असं काका म्हणाले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पुढे वर नवी कडी आली आणि मला सगळे विसरले. तेल नाही, साफसफाई नाही. माझी खाच झिजली. दाराचं लाकूड फुगलं आणि दार बिजागऱ्यांवरून किंचित खाली उतरलं. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग अश्लेषा राहायला आली. ती मूळची पुण्याची, इथे एका मंत्रालयात नोकरीला. तिचा नवरा चिन्मय मेट्रोने गुडगावला ऑफिसला जायचा. रेवती साडेतीन वर्षांची होती. साकेत नुकता रांगायला लागला होता.

साकेतची आणि माझी ओळख पहिल्याच आठवड्यात झाली. तो रांगत रांगत आला, माझ्यासमोर बसला, माझ्या मुठीकडे बघून बोळकं पसरून हसला आणि त्याने मला सरळ तोंडात धरलं.

"शी! साकेत, छी आहे ते!" म्हणत अश्लेषाने त्याला उचललं. माझ्या गंजलेल्या अंगावर त्याची लाळ तशीच राहिली. इतक्या वर्षांत मला कुणी असं आवडीने हात लावला नव्हता.

घरात सगळे मराठीच बोलायचे. पण रेवतीच्या तोंडी शाळेतली आणि खाली बागेतली हिंदी जास्त असायची. "आई, माझी चप्पल गुम झाली," असं ती म्हणायची. चिन्मय हसायचा आणि अश्लेषा "हरवली म्हण गं," म्हणून तिला चप्पल शोधून द्यायची.

मित्रांनो, आता मी तुम्हाला त्या सकाळबद्दल सांगते. ती आठवली की आजही माझं लोखंड गार पडतं.

जानेवारी महिना होता. बरेच दिवस नुसतं धुकं होतं आणि त्या दिवशी कुठे ऊन पडलं होतं. चिन्मय ऑफिसला गेला होता. थंडीमुळे रेवतीच्या शाळेला सुट्टी होती. अश्लेषा मुलांसाठी रजेवर होती. खोलीत खिडकीखाली हीटर ठेवलेला होता आणि त्याच्या दोन्ही कांड्या लालभडक झाल्या होत्या. साकेत पार दुसऱ्या टोकाला गादीवर बसून वाटी-चमचा वाजवत होता. त्याच्या भोवती उशांचं कुंपण होतं आणि पायांवर पानिपतहून आणलेलं जाड, मऊ ब्लँकेट.

"रेवती, मी दोन मिनिटांत कपडे वाळत घालून येते. बाळाकडे बघ हं," अश्लेषा म्हणाली.

"अच्छा, आई."

गार वारा आत येऊ नये म्हणून अश्लेषाने बाहेर जाताना दार ओढून घेतलं.

चिन्मय कधी घरून काम करायचा, तेव्हा "मीटिंग आहे" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचा. रेवतीचा तो आवडता खेळ झाला होता. तिने खेळण्यातला फोन कानाला लावला. "हॅलो! मीटिंग चालू है, कोई अंदर मत आना!" असं म्हणत ती दारापाशी उकिडवी बसली आणि तिने माझी मूठ फिरवली.

झिजलेल्या खाचेत मी टिकले नाही. खट्कन खाली आले आणि भोकात घुसले.

एवढासा आवाज झाला. रेवतीला तो आवडला. ती हसली.

बाहेर अश्लेषाने दार ढकललं. ते हललं नाही. "रेवती, दार उघड."

"मीटिंग चल रही है!"

"रेवती, आता मस्करी नको. उघड बघू."

रेवतीने दाराला हात लावला, ओढलं, पुन्हा ओढलं. मग तिचा आवाज बदलला. "आई, नहीं खुल रहा."

अश्लेषा शेजारच्या खिडकीकडे धावली. खिडकीला लोखंडी गज होते. आतलं सगळं तिला दिसत होतं, पण आत येता येत नव्हतं. तिचा फोन पलंगावर होता आणि घराचं पुढचं दार आतून वरच्या कडीने बंद. तिथे रेवतीचा हात पोचणं शक्य नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या गुरमीत आंटी बागेत उन्हाला मटार सोलत बसल्या होत्या. अश्लेषाने वरून हाक मारली, "आंटी! आंटी, दरवाज़ा अंदर से बंद हो गया! बच्चे अंदर हैं, हीटर चल रहा है!"

"हाय रब्बा! मैं ऊपर आऊँ?"

"नहीं, आगे का दरवाज़ा भी बंद है! आप हमारा मीटर बंद कर दो, ज़ीने के नीचे!"

आंटींच्या मांडीवरचे मटार गवतात सांडले. त्या जिन्याकडे पळाल्या. पण जिन्यावरच्या सगळ्या घरांचे मीटर तिथे एका ओळीत होते, सगळे सारखेच. कुठला कुणाचा, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आईचा आवाज ऐकून साकेतने वाटी टाकली. त्याने मान वळवली, खिडकीत आईचा चेहरा पाहिला आणि तो हसला. उशी ओलांडून तो रांगायला लागला. ब्लँकेटचं टोक त्याच्या पायात अडकलं होतं, ते त्याच्या मागे घसटत निघालं.

तो खिडकीकडे निघाला होता, आणि खिडकीखाली हीटर होता.

"नाही, साकेत, नाही! तिथेच थांब! बाळा, थांब!" अश्लेषा ओरडली.

आई बोलतेय म्हटल्यावर तो आणखी भराभर रांगायला लागला.

मित्रांनो, लोखंडाला भीती वाटत नसेल असं तुम्हाला वाटतं का? मी फरशीपाशीच होते. साकेतचे गुबगुबीत तळवे फरशीवर पडताना मला दिसत होते आणि त्यांच्या पुढ्यात त्या दोन लाल कांड्याही दिसत होत्या. मोठ्या माणसाला हीटर गुडघ्याखाली दिसतो. साकेतच्या तो तोंडासमोर होता. मला हात असते तर मी स्वतःला उचललं असतं. पण मी तशीच भोकात रुतून राहिले. तेवढंच माझ्या अंगात होतं.

आणि एकाएकी अश्लेषाचा आवाज थांबला.

तिच्या लक्षात आलं होतं. तिची हाकच त्याला हीटरकडे नेत होती. तिने तोंडावर हात दाबला आणि ती खिडकीतून बाजूला झाली. आपलं मूल लाल कांड्यांकडे जात असताना त्याच्यावरची नजर काढून घ्यायची, हाकही मारायची नाही. ते तिने कसं केलं असेल, मला सांगता येणार नाही.

साकेत थांबला. आई दिसेना. त्याचा ओठ थरथरला.

तेवढ्यात माझ्या अगदी शेजारी, दाराखालच्या फटीतून अश्लेषाची बोटं आत आली. ती पलीकडे फरशीवर पालथी पडली होती. "कुक्!" ती फटीतून म्हणाली. "साकेत, कुक्! आई कुठेय?" तिने ओढणीचं टोक आत सारलं आणि हलवलं. आवाज हसरा होता. बोटं मात्र फटीतून आणखी आत यायला नखांनी फरशी ओरबाडत होती.

साकेतने वळून पाहिलं. नारिंगी ओढणी नाचत होती. तो वळला आणि दाराकडे रांगत आला. पायातलं ब्लँकेट सुटून हीटरपाशीच पडलं. त्याने ओढणी पकडली, आईची बोटं पकडली आणि तो खिदळला.

"रेवती, तू पण ये. बाळाचा फ्रॉक, नाही, शर्ट धर. सोडू नको. धरलास?"

"हां."

"आता ती खालची कडी वर उचल."

"कढी? आई, कढी तर नाही बनवली आज." रेवती रडायच्या बेतात होती.

"कढी नाही गं, कडी! दाराची. ती... कुंडी! नीचेवाली कुंडी, सोना."

"ये वाली?" रेवतीचं बोट माझ्या मुठीला लागलं.

"बिल्कुल तीच! तिला ऊपर कर. वर."

रेवतीने मला एका हाताने धरलं, कारण दुसऱ्या हाताने तिने साकेतचा शर्ट धरला होता. तिने ओढलं. मी हलले नाही. दार खाली उतरलेलं, त्यात अश्लेषा बाहेरून आत ढकलत होती, त्यामुळे मी भोकाच्या कडेला घट्ट आवळली गेले होते. रेवतीची बोटं घसरली आणि रंगाचा एक टवका तिच्या नखात घुसला. ती रडायला लागली.

आणि मग वास आला. जळक्या प्लास्टिकसारखा. ब्लँकेटची एक कड हीटरच्या जाळीला टेकली होती. त्यातून काळसर धूर निघायला लागला होता.

"आई, स्मेल येतोय. धुआँ येतोय, आई!"

फटीतून अश्लेषाचा श्वास ऐकू आला.  मग ती अगदी हळू बोलली, मुलीला अंगाई म्हणतात तशा आवाजात. "तिकडे बघू नको. माझ्याकडे बघ, इथे खाली. माझी बोटं दिसतात ना? शाब्बास. आता आपण दोघी मिळून करायचं. मी दार माझ्याकडे ओढते आणि वर उचलते. मी 'चलो' म्हटलं की तू कुंडी वर खेच. बाळाला सोड आणि दोन्ही हातांनी धर. तो माझ्याकडे आहे, मी त्याला धरलंय."

तिने फटीतून साकेतची दोन बोटं आपल्या बोटांत धरून ठेवली होती. दुसऱ्या हाताने दाराच्या खालच्या कडेला पकडून तिने ते जड दार उचलून ओढलं. माझ्यावरचा दाब सैल झाला. मला तो सुटल्याचं जाणवलं.

"चलो, रेवती!"

रेवतीने दोन्ही हातांनी मला धरलं, डोळे मिटले आणि खेचलं. भोकाच्या कडेला माझा रंग खरवडला गेला. मी वर आले.

"आई, आली!"

"साकेतला मागे घे, थोडासा. दाराला लागेल त्याला. घेतलंस?"

रेवतीने भावाच्या बगलेत हात घालून त्याला मागे ओढलं. दोघंही धपकन खाली बसले. दार उघडलं. अश्लेषाने दोन्ही मुलांना ओलांडून उडी घेतली, प्लग खेचला, ब्लँकेट गोळा करून बाल्कनीत फेकलं आणि त्याच्यावर ओल्या कपड्यांची बादली उपडी केली. मग ती परत आली, दोघांना कुशीत घेतलं आणि तिथेच फरशीवर, माझ्यापाशी, बसून राहिली.  कोपर खरचटून रक्त येत होतं, ते तिला कळलंही नव्हतं.

तेवढ्यात साऱ्या जिन्याची वीज गेली. आंटींनी शेवटी सगळेच मीटर बंद करून टाकले होते. "लाइट किसने काटी?" असं वरून कुणीतरी ओरडत होतं.

बऱ्याच वेळाने रेवती म्हणाली, "आई, तू मला ओरडणार?"

अश्लेषाने मान हलवली. "नाही गं सोन्या. तूच तर दार उघडलंस." आणि मग ती रडली. आवाज न करता, खूप वेळ.

संध्याकाळी चिन्मय घरी आला. त्याने सगळं ऐकलं आणि खाली वाकून मला पाहिलं. "उद्या इन्क्वायरीत, कॉलनीच्या दुरुस्ती ऑफिसात, तक्रार देतो. ते येऊन काढतील," तो म्हणाला.

"उद्या नाही," अश्लेषा म्हणाली. "आत्ता काढ."

त्याने पेचकस आणला. रंगात बुजलेले स्क्रू निघता निघत नव्हते. त्याच्या हाताला फोड आले, पण तो उठला नाही. शेवटी मी त्याच्या तळहातावर आले. फरशीतलं भोक त्याने सिमेंटने बुजवलं. हीटरही घरातून गेला. मी आता जुन्या स्क्रूंबरोबर बाल्कनीतल्या फळीवर एका उघड्या डब्यात आहे. मला काढून टाकलं याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. उलट, बाळ असलेल्या घरात माझ्यासारखी कुणी राहिली असेल, तर तिचीही अशीच सुटका व्हावी असं मला वाटतं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरात एखादं रांगणारं भावंड असेल, तर एकदा त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसा. तिथून घर कसं दिसतं ते पाहा. खालच्या कड्या, लोंबणाऱ्या वायरी, गरम वस्तू, जे काही त्याच्या तोंडासमोर येईल ते आई-बाबांना हाताला धरून दाखवा. ते ऐकतील. त्यांना ते वरून दिसत नाही, एवढंच.

साकेत आता चालायला लागला आहे. त्याला त्या सकाळचं काही आठवत नाही. रेवती बागेत मैत्रिणींना सांगते, "मी कुंडी खोलली होती," आणि पुन्हा खेळायला पळते. अश्लेषा मात्र कपडे वाळत घालताना एक पाय बाल्कनीत आणि एक पाय खोलीत ठेवून उभी राहते. वाऱ्याने दार जरासं हललं, तरी हातातला ओला कपडा तसाच राहतो आणि ती आधी आत बघते.