गव्हाणीतलं पीठ

मी एक म्हातारी मेंढी आहे, नाव लंगडी. मित्रांनो, नावाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही. पुढचा उजवा पाय मी जरा आखडून टाकते, म्हणून लंगडी. हे नाव बायजाबाईनं ठेवलं. तिनं हाक मारली की मला ते गोड लागतं. दुसऱ्या कुणी मारली तर मी मानसुद्धा वळवत नाही.

माझा जन्म वाटेवरचा. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर आपले कळप घेऊन इकडे खाली उतरतात. भातं कापून झालेली असतात, शेतं मोकळी पडलेली असतात. शेतकरी म्हणतात, आमच्या शेतात बसवा मेंढ्या. मेंढ्या रात्रभर बसल्या की शेताला लेंड्यांचं खत होतं आणि धनगराला त्याबद्दल भात मिळतो. अशाच एका कळपात, भिवंडीच्या अलीकडच्या या गावात, रघू नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात मी जन्मले. जेमतेम उड्या मारायला लागले होते, तोच बांधावरून पडले आणि पाय मोडला. कळप तर पुढे निघालेला. धनगरानं मला उचललं, पाय दाबून बघितला आणि रघूच्या बायकोच्या ओटीत टाकलं. "ही काय चालायची नाय. जगली तर तुझी," एवढंच बोलून तो गेला. माझी आई वळून वळून ओरडत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

रघूची बायको म्हणजेच बायजाबाई. तिनं माझ्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, बाटलीनं शेळीचं दूध पाजलं, चुलीजवळ पोतं अंथरून मला निजवलं. तिचा मुलगा दीपेश तेव्हा शाळेत जायचा. दात आले का बघायला तो माझ्या तोंडात बोट घालायचा. मला भारी राग यायचा, पण त्याचं बोट मी कधी चावलं नाही.

पुढे मला कोकरं झाली, त्या कोकरांना कोकरं झाली, आणि बघता बघता घरामागची पडवी भरून गेली. तिथली एकूण एक मेंढी माझी लेक, नाहीतर नात. मी उठले की सगळ्या उठायच्या, मी थांबले की सगळ्या थांबायच्या. लंगडीच्या मागून अख्खा कळप चालतो म्हणून गाव आम्हाला हसायचं. हसेना का! वालाची पेरणी जवळ आली की हीच माणसं बायजाबाईच्या दारात उभी राहायची. "वयनी, दोन रात्री तुजी मेंढरं आमच्या शेतात बसव ना," म्हणायची. अशा वेळी मी गावातून जाताना मान जरा जास्तच ताठ ठेवायचे, हे कबूल करते.

मग रघूला कावीळ झाली आणि तो गेला. त्यानंतर शेतंही जायला लागली. तशी ती जागच्या जागीच होती, पण त्यांच्यावर मुरूम पडला आणि मुरमावर पत्र्याची गोदामं उभी राहिली. हायवेवरच्या वडपे गावाच्या बाजूनं सुरू झालेलं ते काम सरकत सरकत आमच्या गावात आलं. आता मेंढ्या बसवायला बोलावणार कोण? आमची लोकर तर कुणी फुकटही नेईना. बायजाबाई कातरून काढायची आणि उकिरड्यावर टाकायची. तरुणपणी जिचा एवढा मान होता, ती मी ट्रकवाल्यांच्या शिव्या खात रस्त्याच्या कडेनं चरायला लागले. दीपेश मोठा झाला आणि गोदामात कामाला लागला.

शेजारचा केसरीनाथ बायजाबाईला सारखा सांगायचा. बिचारा वाईट माणूस नाही, पण एकच गोष्ट दहा वेळा सांगायची त्याला खोड.

"वयनी, इकून टाक मेंढरं. चारनार कुठं तू?"

"माजं मी बघीन."

"पोरगा कमावतो ना आता?"

"पोराचं पोराकडं. ही माजी हायत," बायजाबाई म्हणायची.

खरंच होतं ते. घर रघूच्या बापाचं, पगार दीपेशचा. बायजाबाईचं स्वतःचं, तिनं आपल्या हातानं वाढवलेलं असं त्या घरात काही असेल तर ते आम्ही होतो. आम्ही गेलो तर तिच्याजवळ काही उरणार नव्हतं. हे केसरीनाथला कळत नव्हतं, आम्हा मेंढ्यांना कळत होतं.

या वर्षी कार्तिकात ओढ्याजवळचा शेवटचा माळही तारेच्या कुंपणात गेला. मग बायजाबाई आम्हाला वज्रेश्वरीच्या रस्त्यानं लांब लांब न्यायला लागली. दिवसभर चालून अर्ध्या पोटानंच आम्ही परत यायचो. संध्याकाळी ती पडवीत बसून गुडघ्यांना तेल चोळायची. एक दिवस दीपेशनं ते बघितलं.

"आई, उद्यापासून एवढ्या लांब जाऊ नको."

"मग मेंढरांना काय तुज्या गोदामातला माल घालू?" ती हसून म्हणाली.

ती थट्टेनं बोलली. दीपेशनं मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मोटारसायकलवर एक गोणी बांधून आला आणि आईच्या नकळत ती त्यानं पडवीमागे ठेवली. आत गव्हाचं पीठ होतं. गोणी एका बाजूनं फाटलेली, थोडी भिजलेली. गोदामात असल्या मालाला डॅमेज म्हणतात, तो कामगारांनी नेला तर कुणी विचारत नाही. आई बघेल तर नको म्हणेल, म्हणून त्यानं सांगितलं नाही.

पहाटे बायजाबाई पाण्याला गेली. दीपेशची ड्युटी लवकरची होती. त्यानं गोणी उचलली आणि सगळीच्या सगळी गव्हाणीत ओतली. "खा बायांनो, पोटभर खा. आज माज्या आयशीला आराम," असं काहीसं पुटपुटत तो प्रत्येकीच्या डोक्यावरून हात फिरवत होता. मित्रांनो, त्याचा चेहरा मला अजून दिसतो. एवढ्या मायेनं आम्हाला कुणी वाढलं नव्हतं.

माझ्या लेकी-नाती पिठावर अशा तुटून पडल्या की काय सांगू. मीही तोंड घातलं, तर एका नातीनं ढुशी देऊन मला बाजूला लोटलं. आजीला ढुशी! मला संताप आला. पुन्हा गेले, पुन्हा तिनं लोटलं. जिभेला जरासं चाटण लागलं तेवढंच. एक काळं कोकरू अजून आईच्या दुधावर होतं, त्याला पिठाशी देणंघेणं नव्हतं. बाकीच्यांनी गव्हाण चाटूनपुसून लख्ख केली. दीपेशनं रिकामी गोणी झटकली, दवानं भिजलेल्या मोटारसायकलच्या सीटवर टाकली, आणि तिच्यावर बसून तो निघून गेला. बायजाबाईनं हंडे उतरवले तेव्हा तो रस्त्याला लागलेला होता. गोदामात सेलचे दिवस होते, बारा-बारा तासांची डबल ड्युटी होती. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होता.

त्या दिवशी आम्ही चरायला निघालो खऱ्या, पण कुणी गवताला तोंड लावेना. दुपारी झाडाखाली बसलो तर कुणी रवंथही करेना. मोठी लेक दात खात होती, तिची डावी कूस फुगून आली होती. घराकडे परतताना तिघी-चौघींचे पाय लटपटायला लागले. पडवीत आल्यावर सगळ्याच आडव्या झाल्या. माझ्याही पोटात आग पडली होती, पण मी उभी राहू शकत होते.

बायजाबाई एकेकीचं पोट चाचपत फिरत होती. "काय झालं गं माजे बायांनो? काय खाल्लंत?" ती विचारत होती. मला ठाऊक होतं काय खाल्लं ते. मी ओरडले. गव्हाणीजवळ जाऊन ओरडले, परत तिच्याजवळ येऊन ओरडले. तिनं गव्हाणीत बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

केसरीनाथनं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दूर कुठल्याशा गावात लसी टोचत होते, सकाळी येतो म्हणाले. फोनवर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खायला काय घातलं होतं?"

बायजाबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "काय न्हाय ओ साहेब. रोजचाच चारा. अर्धपोटी हायत बिचारी."

मग दीपेशला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. गोदामात आत जाताना फोन गेटवर जमा करावे लागतात. केसरीनाथ लगेच गाडी काढून गोदामाच्या गेटवर गेला आणि हात हलवत परत आला.

"काय म्हनाला वॉचमन?" बायजाबाईनं विचारलं.

"म्हनतो, भेड़ के लिए लाइन बंद करूँ क्या? शिफ्ट छूटने दो."

बायजाबाईनं चूल पेटवली आणि तांदळाची पेज शिजवायला ठेवली. आम्ही उपाशी आहोत, थंडीनं गळालो आहोत, असं तिला वाटलं. तिच्या हातात तेवढाच इलाज होता. कोमट पेज बाटलीत भरून ती एकेकीचं डोकं मांडीवर घेऊ लागली, जबडा उघडून पेज पाजू लागली. लहानपणी मला दूध पाजलं होतं, अगदी तशीच.

आधीच पिठानं तट्ट फुगलेल्या पोटात ती पेज जात होती. मला राहवेना. मी तिच्या पाठीशी जाऊन जिवाच्या आकांतानं ओरडले, पदर दातात धरून ओढला. ती वळली. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "हो गं, तुला बी देते. भूक लागली व्हय?" आणि पेजेचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी ते पायानं लवंडून दिलं. तेव्हा तिनं मला पाठीत एक धपाटा घातला. सगळ्या आयुष्यातला तेवढा एकच. उरलेली पेज तिनं पुन्हा दुसरीला पाजली.

मोठी लेक उजाडायच्या आत गेली, तिच्यामागून बाकीच्या. उन्हं आली तेव्हा त्यांतल्या तिघींचाच श्वास चालू होता. डॉक्टर आले होते, एकीच्या पोटाला कान लावून बसले होते. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. दीपेश दोन्ही पाळ्या करून थकून आला होता, गेटवरून घेतलेला फोन त्यानं उघडूनही बघितला नव्हता, पण चेहऱ्यावर हसू होतं. मागच्या सीटवर आणखी एक गोणी बांधलेली होती.

"आई, आज पन मिळालं गं," त्यानं फाटकातूनच सांगितलं. "काल गव्हाण सगळी साफ केली का न्हाय त्यांनी?"

तो पडवीपर्यंत आला आणि उभाच राहिला. डॉक्टरांनी उठून गोणीत हात घातला, मूठभर पीठ बाहेर काढलं.

"हे घातलं होतं काल? किती?"

"सगळी गोनी," दीपेश म्हणाला.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "रवंथ करणारं जनावर आहे रे हे. उपाशी पोटात एकदम एवढं पीठ गेलं की ते आंबतं, पोटात विष होतं. काल हे कळलं असतं तर खायचा सोडा पाजायला सांगितलं असतं, निम्म्या तरी वाचल्या असत्या. त्यावर आणखी काही दिलं होतं?"

बायजाबाई गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पेजेचं पातेलं तिनं घासून ठेवलेलं होतं. दीपेश खाली मातीत बसला होता, डोकं गुडघ्यात घालून. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पेज पाजली मी. सगळ्यांना. हातानं."

डॉक्टरांनी आपली पिशवी उघडली. उरलेल्या तिघींना त्यांनी सोडा कालवून पाजला, पण उशीर झाला होता. दुपारपर्यंत त्याही गेल्या. शेजारच्या जागेत भराव टाकणारा जेसीबी केसरीनाथ बोलावून घेऊन आला. खड्डा खणायला त्याला काही वेळ लागला नाही. माझ्या सगळ्या लेकी-नाती त्यात गेल्या. बायजाबाई कडेला उभी होती, रडत नव्हती. दीपेश रडत होता. तिनं त्याला घरात नेलं आणि जेवायला वाढलं.

आता पडवीत मी आणि ते काळं कोकरू, दोघंच उरलो आहोत. पडवी एवढी मोठी होती हे मला कधी जाणवलं नव्हतं. कोकराला बायजाबाई बाटली लावते. पण पाजण्याआधी ती बाटली हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहते. दीपेश पहाटे ड्युटीवर जाण्याआधी आमच्यापुढे मूठभर पाला टाकतो आणि मग आत जाऊन आईला झोपेतून उठवतो. "आई, पाला टाकलाय. वालाचा. बाकी काय न्हाय," असं सांगतो. ती "बरं" म्हणते. रोज एवढंच बोलणं होतं त्यांचं. मला मेलीला ते ऐकवत नाही, पण ऐकल्याशिवाय मी पाल्याला तोंडही लावत नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही, म्हणून एक मागणं मागते. दारात गाय असो, शेळी असो, नाहीतर माझ्यासारखी लंगडी मेंढी, तिच्यापुढे मायेनं काही टाकाल तर जो तिला सांभाळतो त्याला आधी विचारा, आणि टाकल्यावर सांगितल्याशिवाय घर सोडू नका. गाडी चुकली तरी चालेल. कारण आम्ही आमच्या परीनं सांगायला जातो हो, पार गळा फाटेपर्यंत सांगतो, आणि तुम्हाला वाटतं, आम्हाला भूक लागली आहे.