माशांसाठी ठेवलेली सावली

लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जाताना कुमुदने आपली सावली काढली, नीट झटकली आणि माशांच्या टाकीवर पसरून ठेवली. सोनमाशांना दुसरं काही कळत नाही. वरून ओळखीची सावली पडली तरच ते खायला वर येतात, नाहीतर तळाशी रुसून बसतात आणि मरतात. एवढ्याशा जिवाचा एवढा ताठा, पण कुमुदला त्याचंच कौतुक होतं.

मिरजेच्या त्या घरात माणसं दोन आणि बाकी सगळी जनावरं. खंड्या नावाचा म्हातारा कुत्रा, मागच्या अंगणात मांजरांचं खटलं, न्हाणीघरात एक कासव आणि हॉलमध्ये खिडकीपाशी सोनमासे. नवरा, सदानंद, हौसेने जनावर घरी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचा. निस्तरायचं कुमुदने. ‘मुक्या जिवांची सोय आधी, आपली मागून’ हे तिचं ब्रीद, आणि त्यापायी ती लोकांच्या लग्नातून न जेवता घरी पळत आली होती. म्हणून जातानाही तिने सगळ्यांची सोय लावली. खंड्याला निजायला अंगावरची न धुतलेली साडी ठेवली. मांजरांसाठी आपली हाक लोणच्याच्या बरणीत घातली आणि वर दादरा बांधला. राखणीला धाकट्या बहिणीला, हेमलताला, बोलावून घेतलं. पाठची सख्खी बहीण, तिच्यावर विश्वास नाही टाकायचा तर कोणावर.

नाशिकला तिचे हाल झाले. हाक घरी राहिलेली, त्यामुळे कुणाला बोलवायचं तर उठून त्याच्यापर्यंत जावं लागे. उन्हात उभी राहिली की विहीणबाई तिच्या पायाशी बघत आणि विषय बदलत. कुमुद मनाची समजूत घाली, की तिकडे माझे मासे तर जेवताहेत. नातू दुपट्यात हसायला लागला तशी ती निघाली.

दार हेमाने उघडलं. तिच्या अंगावर तीच साडी होती. तिच्या मागून खंड्या आला आणि कुमुदवर भुंकायला लागला, कधी तोंड पाहिलं नसल्यासारखा, घसा बसेपर्यंत.

“अगं, ती साडी त्याच्या अंथरुणाला ठेवली होती मी.”

“त्याला अंगावरची बरी वाटते, ताई.”

कुमुद टाकीपाशी गेली. टाकीवर काहीच नव्हतं. तिने चिमूटभर खाणं टाकलं, ते पाण्यावर नुसतं तरंगत राहिलं. मासे तळाशी होते, तिच्याकडे शेपट्या करून. मग हेमा येऊन खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि पाण्यावर सावली पडली. मान जराशी डावीकडे कललेली, अंबाडा सैल. कुमुदचीच. सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडून राहिले.

“ती माझी आहे,” कुमुद म्हणाली.

“हो ना. मला सैल होत होती, मग आत घेतली.”

हेमा गावभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, तिच्या हाताला सफाई होती. कुमुदने वाकून पाहिलं. हेमाच्या टाचांना बारीक, एकसारखी टीप होती.

“उसवून दे.”

“फाटेल, ताई.”

“शिवणीत माया ठेवली असशील ना?”

“कापली. टोचत होती.”

कुमुद स्वयंपाकघरात गेली. बरणी घासून पालथी घातलेली होती. तेवढ्यात हेमा मागच्या अंगणात गेली आणि तिथून हाक आली, लांबवलेली, शेवटी चढलेली, कुमुदची स्वतःची. मांजरं कुमुदच्या पायांवरून धावत गेली, उंबरठा ओलांडावा तशी. जिला बोटाने दूध पाजून जगवलं होतं तीही त्यांत होती, आणि कुमुदला तिथेच रडू फुटलं.

आता उरला सदानंद. तो जेवायला बसला होता. त्याने मात्र कुमुदला लगेच ओळखलं आणि तेच तिला जास्त लागलं.

“आलीस? बाळ कसं आहे?”

“बरं आहे. तुम्हाला हे सगळं माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही तिला करू दिलंत.”

सदानंदने भाकरीचा तुकडा मोडला. “सगळी वेळेवर खाताहेत, कुमुद. खंड्याचं अंग भरलंय. आता पुन्हा बदल केला तर हाय खातील बिचारी. मुक्या जिवांची सोय आधी, हे तूच म्हणतेस ना?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाकडे? हेमा परत येऊन दारात उभी होती. तिच्या पायांत मांजरं घोटाळत होती.

“मग मी कुठे जाऊ?” कुमुदने विचारलं.

“जायचं कशाला, राहा की,” हेमा म्हणाली. “फक्त एकदम नको. नवं कोणी आलं की ही बिथरतात.”

सदानंद उठला आणि नवी गादी ज्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीतून आली होती ती माळ्यावरून काढून आणली. विकतचा मासा तडक टाकीत सोडायचा नसतो. बांधलेली पिशवी तशीच पाण्यावर ठेवायची आणि तो नव्या पाण्याला सरावला की मग तोंड सोडायचं. हे या घरात कुमुदनेच शिकवलं होतं. सदानंदने घाई करून मारलेले मासे तिनेच जास्वंदीखाली पुरले होते आणि त्याच्याशी अबोला धरला होता. आता तिला वाद घालता येईना. तिने पिशवीत पाय टाकला. सदानंदने कडा धरून वर ओढली, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्यावरून.

“किती वेळ?”

“सवय होईपर्यंत.”

“कुणाला?”

हेमाने पिशवीत फुंकून हवा भरली, तोंडाला पीळ दिला आणि आपल्या केसांचं रबर काढून त्याला वेढे घातले. दोघांनी मिळून कुमुदला उचललं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. खंड्याने प्लास्टिक हुंगलं आणि परत हेमाच्या पायाशी जाऊन बसला. मासे काचेला लागून बघत राहिले.

“तुझ्यावर सगळं टाकून गेले होते गं,” कुमुद म्हणाली. शब्द बाहेर गेले नाहीत, त्यांची वाफ होऊन आतून प्लास्टिकला लागली.

सदानंद हात धुऊन आला. “ही खाईल का काही?”

“बघू या,” हेमा म्हणाली आणि खिडकी आणि पिशवी यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. सावली कुमुदच्या अंगावर पडली, मान जराशी डावीकडे कललेली. कुमुदने दात घट्ट आवळून धरले. मग तिची मान वर झाली आणि तोंड उघडलं.