काउंटरवेटची कविता

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईला आयुष्यात पहिली प्रेमकविता मिळाली आणि तिने ती तपासून परत केली!

कविता दिली होती, ती जिथली लिफ्ट सांभाळायची त्या इमारतीसमोरच्या कॉलेजात कविता शिकवणाऱ्या सरांनी. दोन महिने लिफ्टच्या चौकशीच्या निमित्ताने घुटमळून शेवटी कागद तिच्या हातात कोंबला आणि कान लाल करून उभे राहिले.

'तू लिफ्ट, मी काउंटरवेट.
तू वर जाशील तसा मी तळाशी जाईन.
एकाच दोरावर आपलं दूर असणं तोललंय,
म्हणून तू पडणार नाहीस.'

तिने वाचलं, मान हलवली. "दोर एक नसतो सर, पाच असतात. आणि सगळे तुटले तरी लिफ्ट पडत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, ते काउंटरवेट, असो-नसो, ब्रेक धरतो."

"बरोबर आहे," सर म्हणाले आणि जिन्याने निघून गेले.

दुपारी घरी तिने हे मोठ्या बहिणीला कौतुकाने सांगितलं. ताईने कपाळावर हात मारला.

"अगं बये, तुम्ही नसलात तरी माझं काही अडत नाही, असं सांगितलंस त्यांना!"

"मी लिफ्टबद्दल बोलत होते!"

"ते नव्हते बोलत. चंद्र-फुलं कुणीही आणतं. ह्यांनी तुझं काम दोन महिने न्याहाळून त्यातलं प्रेम शोधलं. वर वाटतं, ही दोघं कायम उलट्या दिशेला. पण वकिलासारखं पटवून दिलंय बघ, दूर जाण्यानेच ती दोघं एकमेकांना सांभाळतात. विरोधाभास म्हणतात त्याला."

बाईला घाम फुटला. मग हसू फुटलं. मग दोन्ही एकदम. माणूस हातचा गेला तर? पायात चपला सरकवून ती जी सुटली, ती थेट सरांच्या भरल्या वर्गात.

"सर, एक सांगायचं राहिलं!" तिला धाप लागली होती. "रिकामी लिफ्ट काउंटरवेटपेक्षा हलकी असते. ब्रेक सोडला की वरच पळत सुटते, थांबायचं भान नाही. आत माणसं आली, अर्धी भरली, की कुठे दोन्हीकडे बरोबरी होते."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काय विचारता? कविता तुम्ही शिकवता ना? मघापासून मी त्या रिकाम्या लिफ्टसारखी नुसती वर पळतेय! म्हणजे मला तुम्ही हवे आहात!"

वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. चार ओळींवर तासभर बोलणाऱ्या सरांनी खडू खाली ठेवला.

"पुन्हा सांगा," ते कसेबसे म्हणाले.

"काय, लिफ्टचं?"

"नाही. शेवटचं."

ती लाजली, एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने ते पुन्हा सांगितलं.