पडद्यामागची दोन मिनिटं

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण माझ्या आवाजावर टाळ्या नक्की वाजवल्या असतील. नांदेडच्या एका टॉकीजमध्ये पडद्याच्या मागे उभा असलेला मी एक जुना स्पीकर आहे. लाकडाची पेटी, आत जाड कागदाची छाती आणि अंगावर चाळीस वर्षांची धूळ. पडद्याला बारीक छिद्रं असतात. त्यांतून माझा आवाज बाहेर जातो आणि मला तुमचे चेहरे दिसतात. सिनेमा मात्र मी आजवर एकही पाहिला नाही. तो माझ्याकडे पाठ करूनच चालतो.

हैदराबादच्या कारखान्यातून मी आलो तेव्हा माझा थाट काही विचारू नका. माझ्यातून ढग गडगडला की लोकांना छत्री आठवायची. पुढे वय झालं, छाती फाटली, मध्येच आवाज जायला लागला. मग पब्लिक शिट्ट्या मारायचं, खुर्च्या आपटायचं, आवाज द्या म्हणून ओरडायचं. आमच्या टॉकीजची ती रीतच पडली. ऑपरेटर जलीलभाई धावत यायचे आणि माझ्या छातीवर तळहात ठेवायचे. बारीक थरथर लागली की समजायचं, मी जिवंत आहे, दुखणं दुसरीकडे आहे.

मालक चंद्रप्पांना मात्र माझा वीट आला होता. अंतराळातल्या एका गाजलेल्या सिनेमा-मालिकेचा तिसरा भाग लागणार होता. त्याआधीच मला भंगारात घालायचं त्यांनी ठरवलं. जलीलभाईंनी हातापाया पडून एक खेळ मागून घेतला आणि आठवडाभर खपून माझी छाती नव्या कागदानं मढवली. मालकांनी निक्षून सांगितलं, पहिल्याच खेळाला आवाज गेला तर संध्याकाळी भंगारवाला येईल.

शुक्रवारी दुपारचा खेळ हाऊसफुल्ल होता. पुढच्या रांगेत इस्लापूरच्या केवळाबाई होत्या, कॉलेजात शिकणाऱ्या भाचीच्या, शिल्पाच्या हट्टापायी आलेल्या. यान सुटलं तेव्हा मी असा गरजलो की केवळाबाईंनी शिल्पाचा हात घट्ट धरला. बाल्कनीत मालकसुद्धा खूश दिसत होते.

मग यानाबाहेर गेलेल्या नायिकेची दोरी तुटली आणि ती एकटीच अंधारात वाहवत गेली. हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच जाणवलं, की माझ्याकडे येणारा आवाज एकदम थांबला.

पब्लिकनं सवयीनं शिट्ट्या सुरू केल्या, खुर्च्या वाजल्या. बाल्कनीत मालक ताडकन उभे राहिले. जलीलभाई धापा टाकत पडद्यामागे आले. त्यांनी तळहात ठेवला, थरथर लागली. वायर पाहिली, शाबूत होती. बाहेरचा गलका मात्र वाढतच होता आणि ते पुन्हा पुन्हा वायर चाचपत राहिले. मी ठणठणीत आहे, असं मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण माझ्याकडे स्वतःचा आवाज कुठला?

तेवढ्यात केवळाबाई उठल्या आणि मागे वळल्या.

"गप बसा की. पोरगी एकटी पडलीय तिथं. तिची हाक कुणालाच जाईना. दिसंना व्हय तुमाला?"

सगळं टॉकीज चिडीचूप झालं. चाळीस वर्षांत मी हजारो चेहरे पाहिले, पण असे कधी पाहिले नव्हते. हातातले शेंगदाणे तोंडापर्यंत जाईनात. दोन मिनिटांनी नायिकेचा एक बारीकसा श्वास माझ्याकडे आला. मी तो अगदी जपून बाहेर सोडला, आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

बाहेर पडताना कुणाला मारामारी कमी वाटली, बाकी सगळे म्हणत होते तिन्हींत हाच भारी. शिल्पा मावशीला समजावत होती, वर हवाच नसते म्हणून आवाज नसतो. केवळाबाई म्हणाल्या, ते तर दिसतच होतं की.

खेळ सुटल्यावर मालक पडद्यामागे आले. जलीलभाई मान खाली घालून उभे होते.

"जलील, म्या बी शिट्टी मारली रे," मालक म्हणाले. "भंगारवाल्याला नको म्हणून सांग."

म्हणून मी अजून इथे आहे, मित्रांनो. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू, किंवा एखादं म्हातारं माणूस, अचानक गप्प झालं तर लगेच आरडाओरडा करू नका. आधी जवळ जाऊन बघा. नाहीतर चांगलं चालणारं काहीतरी तुम्ही टाकून द्याल, आणि ते चांगलं होतं हे तुम्हाला कधी कळणारही नाही.