डबीतली सहा शिंपल्याची बटणे

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शिंपल्याचे, प्लॅस्टिकचे नव्हे! हे आधीच सांगून टाकलेले बरे.

समुद्राच्या तळाशी एका शिंपल्यातल्या जिवाने पापुद्र्यावर पापुद्रा चढवत माझे अंग घडवले. माझा स्वतःचा रंग असा काहीच नाही. उजेड त्या पापुद्र्यांत शिरतो, खेळतो आणि कधी गुलाबी, कधी मोरपंखी होऊन बाहेर येतो. कारागिराने मला कापले, घासले आणि खिडकीशी धरून म्हटले, "वा!" तेव्हापासून माझे नाक जरा वरच असते.

आम्हा सहा भावंडांना शिवणवर्गात शिकवणाऱ्या एका बाईंनी घेतले. स्वतःसाठी जाकीट शिवीन तेव्हा लावीन, म्हणत त्यांनी आम्हाला तीस वर्षे डबीत जपले. जगाची जाकिटे झाली, त्यांचे राहूनच गेले. अखेर त्या निवृत्त व्हायच्या झाल्या, तेव्हा निरोप समारंभासाठी त्यांनी जाकीट शिवले. मला गळ्याशी लावले. बाकीची पाच दुसऱ्या दिवसावर राहिली.

घरात नवी सून होती. सासूबाईंसाठी काहीतरी करावे म्हणून तिचा जीव नुसता तुटत होता. व्हिनेगरने नळ लखलखतात, हे तिला ठाऊक होते. तिने माझी पाचही भावंडे वाटीभर व्हिनेगरमध्ये दुपारभर भिजत घातली. आंबटाने वरचे पापुद्रे खाल्ले आणि ती खडूसारखी पांढरी होऊन बाहेर आली.

"आई, मी सगळी वाट लावली," सून रडू लागली. "तीस वर्षं जपली होती तुम्ही."

बाईंनी जाकीट मांडीवर घेतले आणि वाटीतले एक पांढरे बटण उजेडाकडे धरले. वाईट त्यांना वाटलेच. भरलेले डोळे मी जवळून पाहिले. मग म्हणाल्या, "अगं वेडे, डबीत कोंडून मी तरी काय दिवे लावले? आण ती सुई. दोघी मिळून लावू."

समारंभात सगळ्यांनी माझीच लकाकी वाखाणावी, असे मला फार वाटत होते. कुणीतरी विचारलेही, "बाई, बटणं वेगवेगळी कशी?"

बाईंनी सुनेला हाताला धरून पुढे ओढले. पांढऱ्या पाचांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "ही आमच्या सूनबाईंनी धुतलीत." आणि काय ती ऐट! मला तर गळ्याशी काचते म्हणून उघडेच ठेवले होते.

मित्रांनो, आम्हाला ओल्या फडक्याने पुसा, आंबटापासून दूर ठेवा, आणि डबीत कोंडू नका हो, अंगावर मिरवा. पण कुणी मायेपोटी चुकलेच, तर आधी त्या माणसाला जवळ घ्या. आम्हा बटणांची समजूत मागाहून काढली तरी चालेल.