उत्तरदाता क्रमांक एक

"चाळीस," नामाजी म्हणाले आणि खाली बसले.

प्रश्न अवघड नव्हता. घरी मेंढ्या किती, एवढंच बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, असा विद्यापीठाचा नियम आहे. कुणी येत नाही, असा रिवाज आहे. पण परीक्षा देणाऱ्या राधिकाचे वडील नामाजी साखरा गावाहून आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. प्रबंध सेनगाव तालुक्यातल्या मेंढपाळांवर होता. एकशे बारा उत्तरदात्यांपैकी पहिला समोर सदेह पाहून परीक्षक हरखले.

"तक्ता चारमध्येही चाळीसच. छान." त्यांनी पानं उलटली. "आणि तक्ता सातमध्ये वर्षाची लोकर पन्नास किलो. म्हणजे मेंढीमागे सव्वा किलो. आपल्याकडच्या मेंढीला पाऊण किलोच्या वर लोकर निघत नाही, ताई. या मेंढ्या आहेत की गाद्या?"

सभागृहात नऊ माणसं होती. सात हसली. उरलेली दोन म्हणजे राधिका आणि नामाजी.

मेंढ्यांचा खरा आकडा कुणी सांगत नाही. सांगितला की नजर लागते. म्हणून जो तो कमी सांगतो. किती कमी, ते ज्याच्या त्याच्या मायेवर. लोकर मात्र एकदा कातरली की तिला कोण काय करणार? ती खरी सांगतात. राधिकाला हे लहानपणापासून माहीत होतं. पण उत्तरदाता सांगेल ते लिहायचं, असं संशोधनपद्धतीच्या पुस्तकात होतं. तिने लिहिलं.

"घरी नक्की किती आहेत?" परीक्षकांनी तिलाच विचारलं.

"माहीत नाही, सर."

"नऊ वर्षं मेंढ्यांवर संशोधन करताय."

"हो, सर."

"आणि घरच्या माहीत नाहीत?"

"घरात विचारत नाहीत, सर. मोजायच्याही नसतात."

तिचे मार्गदर्शक शाकीर सर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मग हे परत जाईल. एकशे बारा घरं पुन्हा करा."

नामाजी उठले. "परत म्हंजी किती दिस, साहेब?"

"दोनेक वर्षं, मामा," शाकीर सरच बोलले.

राधिका सेनगावच्या कॉलेजात तासावर शिकवत होती. तिथली कायमची जागा पुढच्या महिन्यात भरायची होती. पदवी असेल तर राधिका, नसेल तर संस्थाचालकांचा जावई. हे नामाजींना समजावून सांगायला तिला एक पूर्ण उन्हाळा लागला होता. पण एकदा समजल्यावर ते विसरले नव्हते.

ते मंचावर चढले.

"दादा, काहून आलाव वर?" राधिकाने वडिलांना विचारलं.

"कान इकडं कर, बाई."

त्यांनी हाताचा आडोसा केला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग कुणाकडेही न बघता खाली येऊन बसले. चेहरा असा, की आताच कुणाला तरी मूठमाती देऊन आलेत.

राधिकाने कागदावर हिशेब मांडला आणि कागदाची चौघडी केली.

"बसतंय, सर. मेंढीमागे पाऊण किलोच येते."

"किती निघाल्या?"

"ते सांगता येणार नाही."

"का?"

"माहिती गोपनीय ठेवीन असं प्रत्येक उत्तरदात्याला मी सही करून दिलंय. नमुना परिशिष्टात आहे."

परीक्षकांनी परिशिष्ट काढलं. नमुना होता. विद्यापीठानेच छापलेला होता.

"आणि बाकीचे एकशे अकरा?"

"लोकरीवरून काढता येतील, सर. तक्ता सात खरा आहे. तेवढाच खरा आहे."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. जेवण निवत होतं. परीक्षकांनी नामाजींकडे पाहिलं. मग त्यांनी पेन काढून लिहिलं: लोकरीवरून नवा तक्ता जोडावा, महिनाभरात, तक्ता चारखाली लिहावं की हे आकडे सांगितलेले आहेत, मोजलेले नाहीत, पदवीची शिफारस करण्यात येत आहे. लगेच टाळ्या झाल्या. शाल-श्रीफळ आधीच आणून ठेवलेलं होतं, ते कामी आलं.

परतताना हिंगोलीहून सेनगावच्या जीपमध्ये लोकरीचे व्यापारी फारुकभाई भेटले. चौघांच्या सीटवर सहावे बसले.

"काय नामाजी, आज लग्नाला निघाल्यासारखं धोतर कडक? कुठून येऊन राहिलाव?"

"ह्या पोरीचं काम व्हतं, विद्यापीठात."

"पोरगी डॉक्टर होनार म्हनत व्हते कोनी तरी. झाली का?"

जीप वळली. सगळे एका बाजूला कलले, पुन्हा सरळ झाले.

"कुठं, भाई," नामाजी म्हणाले. "चालू हाय आपलं शिक्षण. अजून लई बाकी हाय."

"होईल, होईल. तकलीफ घ्यावीच लागती."

"व्हय."

राधिकाच्या मांडीवर काळा जाड प्रबंध होता, वर सोनेरी अक्षरं. तिने तो उलटा करून ठेवला.